लॅब ट्रेनिंगमध्ये नेमकं शिकायचं काय: आकडा पेशंटचा की नळीचा?

प्रश्न थोडक्यात असा: लॅब टेक्नॉलॉजीचा वर्गातला अभ्यास संपला, प्रत्यक्ष ट्रेनिंग सुरू होऊन महिना झाला. दिवस बारकोड चिकटवण्यात आणि सेंट्रिफ्यूज लावण्यात जातो. रक्त काढताना हात थरथरतो, स्मीअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) जाड येतात, क्यूसीचा, म्हणजे चाचणीच्या दर्जाच्या तपासणीचा, चार्ट रोज भरायचा पण त्यातून काय समजायचं ते कळत नाही. चाचण्या तर सगळ्या मशीनच करतं. मग शिकायचं काय?

बारकोडच्या टेबलापासून सुरुवात करू, कारण कंटाळा तिथेच येतो आणि सगळ्यात जास्त शिकायलाही तिथेच मिळतं. इटलीतल्या प्लेबानी आणि कारारो यांनी १९९७ साली तातडीच्या लॅबमधल्या ४०,४९० चाचण्यांचा मागोवा घेतला. १८९ चुका सापडल्या. त्यातल्या ६८ टक्के सॅम्पल मशीनवर चढण्याआधीच झाल्या होत्या, प्रत्यक्ष चाचणीत फक्त १३ टक्के, उरलेल्या रिपोर्ट तयार होऊन बाहेर जाताना. म्हणजे तुम्ही ज्याला हमाली समजता ते टेबल चुकांचं मुख्य दार आहे. तिथे उभं राहून एकच प्रश्न विचारायची सवय लावा: समोरचा आकडा पेशंटचा आहे, की नळीचा?

एक उदाहरण जवळून बघू. सीरमचा (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाचा) रिपोर्ट स्क्रीनवर आला: पोटॅशियम ८.१, कॅल्शियम ५.२, अल्कलाइन फॉस्फेटेज १२. सोडियम १३९, क्रिएटिनिन ०.९. पेशंट ओपीडीतून चालत आलेला. पोटॅशियम खरंच ८.१ असेल तर हृदयाचे ठोके बिघडायची वेळ आलेली असते आणि बहुतेक वेळा किडनीही बिघडलेली असते. इथे क्रिएटिनिन अगदी ठीक. आता तीन आकडे एकत्र वाचा. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात, म्हणून पोटॅशियम वर. ईडीटीए कॅल्शियमला बांधून टाकतं, म्हणून कॅल्शियम खाली. अल्कलाइन फॉस्फेटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीए पळवतं, म्हणून एन्झाइम खाली. हे तीन एकत्र दिसले की समजायचं, जांभळ्या नळीतलं रक्त लाल नळीत गेलंय. कुणीतरी आधी जांभळी नळी भरली, किंवा लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतून ओतलं.

अशा वेळी रिपोर्ट अडवायचा, वॉर्डला किंवा कलेक्शनला फोन करायचा, नवीन सॅम्पल मागवायचं आणि सॅम्पल का नाकारलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. ८.१ कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. खरी भीती थोड्या भेसळीची असते. पोटॅशियम ५.४, कॅल्शियम जरासं कमी, असा रिपोर्ट गुपचूप बाहेर जातो आणि कुणीतरी त्यावर औषध बदलतं. म्हणून नळ्या भरण्याचा क्रम पाठ असायलाच हवा: आधी ब्लड कल्चर, मग निळी सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी सीरमची, मग हिरवी हेपरिन, मग जांभळी ईडीटीए, शेवटी करडी फ्लोराइड. टोपणांचे रंग कंपनीप्रमाणे थोडे बदलतात, त्यामुळे रंगासोबत लेबलवर आत काय आहे तेही वाचा.

पोटॅशियम खोटं वाढवणारी आणखी दोन कारणं रोज भेटतात. पहिलं हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं. सीरम गुलाबी-लाल दिसतं. पोटॅशियम आणि पेशींतली एलडीएच, एएसटी ही एन्झाइमं वाढतात. बारीक सुई लावून सिरिंज जोरात ओढली, स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली, सिरिंजमधलं रक्त सुईसकट नळीत दाबून सोडलं किंवा नळी खळखळून हलवली की लाल पेशी फुटतात. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त फसवतं. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेलं रक्त रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं तर थंडीत पेशींच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम पेशीतून बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, सीरम स्वच्छ पिवळं दिसतं, आणि आकडा मात्र चुकीचा येतो. हे ओळखायला मदत करते ती फक्त कलेक्शनची वेळ. त्यामुळे फॉर्मवर वेळ नसेल तर ती विचारून घ्या.

ग्लुकोजचं उलट होतं. सीरम वेगळं न करता नळी खोलीच्या तापमानाला राहिली की पेशी साखर खात राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के घट होते, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर त्याहून जास्त. फ्लोराइडच्या करड्या नळीनेही ही घट लगेच थांबत नाही. फ्लोराइड साखर वापरण्याच्या साखळीतल्या बऱ्याच खालच्या एन्झाइमवर, एनोलेजवर काम करतं, त्यामुळे पहिला तास-दोन तास साखर थोडी उतरतच राहते.

आणि ग्लुकोज ६५० असून सोडियमपासून प्रथिनांपर्यंत बाकी सगळं पातळ वाटलं, तर आधी विचारा: सलाइन कुठल्या हाताला चालू आहे? त्याच हातातून रक्त काढलं असेल तर तुम्ही डेक्स्ट्रोजची बाटली तपासताय. दुसऱ्या हातातून नवं सॅम्पल मागवा.

आता रक्त काढताना हात थरथरण्याबद्दल. भीती हे अर्धंच कारण. उरलेलं कारण असं की हात अधांतरी असतो. करंगळीची बाजू पेशंटच्या हातावर टेकवा, मग सुई धरा. थरथर लगेच कमी होते. टूर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा) टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांधा आणि एका मिनिटाच्या आत सोडा. जास्त वेळ राहिलं की पाणी शिरेबाहेर जातं आणि प्रथिनं, कॅल्शियम, पेशी वाढल्यासारख्या दिसतात. पेशंटला मूठ उघड-मीट करायला सांगू नका, त्याने पोटॅशियम वाढतं. शीर तर्जनीने चाचपा: शीर दाबली की उसळून येते, धमनी ठोके देते, स्नायूबंध दोरीसारखा कडक लागतो. ७० टक्के अल्कोहोल लावलं की अर्धं मिनिट वाळू द्या. अंगठ्याने खालची कातडी ताणा, सुईचं तिरकं तोंड वर ठेवा आणि १५ ते ३० अंशांत आत घाला. नवशिक्यांकडून इथे दोनच चुका होतात: कातडी ताणलेली नसते म्हणून शीर सरकते, किंवा नळी बसवताना सुई पुढे ढकलली जाते आणि शिरेच्या पलीकडे जाते. नळी बसवताना होल्डर पेशंटच्या हातावर घट्ट टेकवून धरा. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा टोचू नका, सीनियरला बोलवा. त्यात कमीपणा नाही.

नाव विचारताना 'तुम्ही अमुकच ना?' असं कधीच विचारू नका. गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा पेशंट कशालाही मान डोलावतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा' असं विचारा आणि फॉर्मशी पडताळा. लेबल रक्त काढून झाल्यावर, पेशंटसमोरच लावा. आधी लेबल लावून ठेवलेल्या नळ्या ट्रेमध्ये इकडच्या तिकडे होतात.

निळ्या नळीबद्दल हट्ट धरा. तिच्यात ३.२ टक्के सायट्रेट असतं आणि रक्ताशी प्रमाण ९:१ लागतं, ०.३ मिलिलिटर सायट्रेट, २.७ मिलिलिटर रक्त. नळी अर्धी भरली की सायट्रेट जास्त होतं, चाचणीत घातलेलं कॅल्शियमही ते बांधतं आणि पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या) खोटे लांबतात. रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या पेशंटचा डोस या आकड्यावर ठरतो. खुणेपर्यंत न भरलेली निळी नळी परत पाठवा, कुणी कितीही घाई केली तरी. जांभळी ८ ते १० वेळा, निळी ३-४ वेळा हळू उलटी-सुलटी करा. जांभळीतला बारीकसा क्लॉटसुद्धा प्लेटलेट खातो, म्हणून मशीनवर लावण्याआधी काडीने तपासा.

स्मीअर. हे हातानेच शिकावं लागतं, वाचून येत नाही. पण काय बिघडलं हे ओळखता आलं तर निम्म्या वेळात हात बसतो. थेंब २ ते ३ मिलिमीटरचा, स्लाइडच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटर आत. ओढायची स्लाइड ३० ते ४५ अंशांत धरून मागे थेंबाला टेकवा, रक्त कडेने दोन्ही बाजूंना पसरू द्या, आणि एका दमात, न थांबता, न दाबता पुढे न्या. फिल्म स्लाइडच्या दोन-तृतीयांश लांबीची, कडेने थोडी अरुंद आणि शेपटाला पिसासारखी विरळ हवी. जाड आणि आखूड आली तर थेंब मोठा होता, कोन जास्त होता किंवा हात जोरात गेला. लांब आणि पातळ आली तर त्याच्या उलट. रक्त घट्ट असेल, म्हणजे हिमोग्लोबिन जास्त असेल, तर कोन कमी करा. अ‍ॅनिमियाचं पातळ रक्त असेल तर कोन वाढवा आणि हात थोडा जलद चालवा. आडव्या लाटा दिसल्या तर हात मध्ये थबकला. शेपूट दातेरी आलं तर ओढायच्या स्लाइडची कड खडबडीत किंवा घाणेरडी आहे, आणि पांढऱ्या पेशी त्या शेपटात ओढल्या गेल्यात. गोल-गोल भोकं दिसली तर स्लाइड तेलकट होती. आणि स्मीअर दोन तासांच्या आत करा. जुन्या ईडीटीए रक्तात लाल पेशी काटेरी होतात आणि न्यूट्रोफिलची केंद्रकं बिघडतात. मग तुम्ही आजार शोधत बसता आणि दिसत असतो तो नळीतला उशीर.

लीशमन स्टेनमध्ये मिथेनॉल असतं, तेच पहिल्या दोन मिनिटांत पेशी पक्क्या करतं. त्यानंतर दुप्पट बफर, पीएच ६.८, घालून फुंकणीने किंवा ड्रॉपरने मिसळा आणि ८ ते १० मिनिटं ठेवा. स्टेन ओतून टाकून मग धुवायचं नाही. स्टेन स्लाइडवर असतानाच पाणी सोडायचं. आधी ओतलं तर वरचा मळीचा थर स्लाइडवर बसतो आणि हे काळे कण प्लेटलेट किंवा मलेरियाचे परजीवी वाटू लागतात. सगळं निळं दिसलं तर बफर अल्कलाइन, फिल्म जाड किंवा धुणं कमी. सगळं गुलाबी आणि केंद्रकं फिकी तर बफर आम्ल किंवा धुणं जास्त. लाल पेशींत चकाकणारी भोकं दिसली तर फिल्म नीट वाळलेली नव्हती किंवा मिथेनॉलने ओलावा धरलाय. असा ओलावा पावसाळी हवेत पटकन धरला जातो, म्हणून बाटलीचं बूच लगेच लावा.

डिफरन्शियल काउंटमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजताना, तुमचे इओसिनोफिल ५ आले, सीनियरचे ९, म्हणून रडकुंडीला येणारी मुलं असतात. घाबरू नका. १०० पेशी मोजून ५ टक्के आले तर निव्वळ योगायोगाच्या हिशोबाने खरा आकडा १ ते १२ यांमध्ये कुठेही असू शकतो. फरक खटकत असेल तर २०० पेशी मोजा आणि शेपटापासून थोडं आत, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे, नागमोडी सरका. एकाच कडेला मोजलं तर मात्र चूक तुमची.

पिपेटचा सराव फार कमी लॅब करून घेतात, तो स्वतः मागून घ्या. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून टिप द्रवात २-३ मिलिमीटरच बुडवायची, सावकाश सोडायचं, क्षणभर थांबून बाहेर काढायचं. टिप खोल बुडवली तर बाहेरून चिकटलेला द्रव सोबत येतो. अंगठा पटकन सोडला तर हवा शिरते. नवी टिप दोन-तीनदा त्याच द्रवाने ओली करून घ्या. तपासणी सोपी आहे: नाजूक तराजूवर १०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर दहा वेळा टाका आणि दर वेळी वजन लिहा. २० अंश सेल्सिअसला प्रत्येकी ९९.७ मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. सरासरी सरकलेली पण दहाही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर पिपेट तपासायची. आकडेच विखुरलेले असतील तर आधी तुमचा हात आणि टिप नीट बसली आहे का ते बघायचं.

इथून क्यूसी समजणं सोपं जातं, कारण तिथेही हेच दोन प्रकार आहेत: सगळं एकाच बाजूला सरकणं, आणि विखुरणं. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये कारखान्यातला कंट्रोल चार्ट लॅबमध्ये आणला. कंट्रोल कधी नाकारायचा याचे वेस्टगार्ड यांचे नियम १९८१ चे. नियमांची नावं पाठ करण्यापेक्षा एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. ग्लुकोजचे दोन कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) आहेत: पहिल्याची सरासरी ९०, एसडी (सरासरीपासूनचा नेहमीचा फरक) २; दुसऱ्याची सरासरी २८०, एसडी ६. आज पहिला ९४.५ आला, दुसरा २९३. दोन्ही दोन एसडीच्या वर, एकाच बाजूला. विखुरणं नव्हे, हे सरकणं आहे. कॅलिब्रेशन, रिएजंटचा (चाचणीच्या रसायनाचा) नवा लॉट, तापमान इथे शोधा. आता समजा पहिला ९४.५ आणि दुसरा २६७. एक वर, एक खाली, मध्ये चार एसडीहून जास्त अंतर. हे सरकणं असू शकत नाही, कारण सरकलं असतं तर दोन्ही एकाच दिशेला गेले असते. बुडबुडा, प्रोबला (मशीनच्या सॅम्पल शोषणाऱ्या नळीला) अडकलेला क्लॉट, नीट न विरघळलेला कंट्रोल, अर्धवट भरलेला कप यांकडे बघा.

दहा-बारा दिवस आकडा रोज थोडा-थोडा वर किंवा खाली सरकत असेल तर मशीनचा दिवा म्हातारा होतोय किंवा रिएजंट उतरतंय. एका दिवसात पायरी पडली असेल तर त्या दिवशी काय बदललं ते लॉगबुकात शोधा.

एक सवय मात्र कुणी शिकवली तरी उचलू नका: कंट्रोल बाहेर आला की बसेपर्यंत पुन्हा-पुन्हा लावत राहणं. सगळं ठीक असतानाही एक कंट्रोल साधारण २० पैकी एकदा दोन एसडीच्या बाहेर जातोच, त्यामुळे दोन एसडी ही सावध होण्याची खूण आहे. पण तीन एसडी ओलांडले किंवा वरच्यासारखी जोडी दिसली तर पेशंटचे रिपोर्ट थांबवायचे, कारण शोधायचं, दुरुस्त करायचं, मग कंट्रोल लावायचा. पाच वेळा लावून एकदा बसला याचा अर्थ मशीन सुधारलं असा होत नाही. आणि न लावलेल्या कंट्रोलचा आकडा चार्टवर भरणं ही सरळ लबाडी आहे. तसं करायला सांगितलं गेलं तर नकार द्या. त्या आकड्याच्या मागे उपचार घेणारा माणूस असतो.

'मशीनच सगळं करतं' हे अर्धसत्य आहे. मशीन आकडा देतं, शंका घेणं तुमच्याकडे राहतं. सेल काउंटरने प्लेटलेट ३५,००० दाखवल्या आणि पेशंटला रक्तस्राव नाही, आधीचे रिपोर्ट चांगले: स्मीअरच्या शेपटाकडे गुच्छ शोधा. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएतच एकमेकींना चिकटतात. सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजा आणि आकड्याला १.१ ने गुणा, कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. एमसीएचसी (लाल पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ३७ च्या वर गेला तर पेशीत हिमोग्लोबिन कोंबून भरलंय असं मानू नका. सीरम दुधाळ आहे का, हिमोलिसिस आहे का, किंवा थंडीत लाल पेशी गोळा झाल्यात का ते बघा. शेवटच्या प्रकारात नळी ३७ अंशांवर कोमट करून लगेच लावली की लाल पेशींचा काउंट वर येतो. आणि हिमोग्लोबिनला तीनने गुणून हिमॅटोक्रिटच्या (रक्तातल्या लाल पेशींच्या टक्क्याच्या) आसपास येतंय का हे मनातल्या मनात करत जा. लाल पेशींचा आकार नेहमीचा असेल तर तीनच्या फरकात यायला हवं.

मायक्रोबायोलॉजीत ग्राम स्टेनचा (जंतू रंगवून ओळखायच्या पद्धतीचा) सगळा जीव डीकलरायझरच्या, म्हणजे रंग धुऊन काढणाऱ्या द्रवाच्या, काही सेकंदांत आहे. स्लाइडवरून जांभळा रंग निथळायचा थांबला की लगेच पाणी. जास्त झालं तर ग्राम पॉझिटिव्ह जंतू गुलाबी दिसतात, जाड स्मीअरमध्ये निगेटिव्ह जंतू जांभळे राहतात. ओळखीचे स्टॅफिलोकोकस आणि ई. कोलाय यांची स्लाइड रोज सोबत करा म्हणजे रंगावर भरवसा राहतो. अँटिबायोटिक डिस्कच्या चाचणीत जंतूंच्या द्रवाचा ०.५ मॅक्फार्लंड (गढूळपणाचं प्रमाण) इतका गढूळपणा आणि ४ मिलिमीटर जाडीचं म्युलर-हिंटन आगर, या दोन गोष्टी डोळ्याने अंदाजे करू नका. आगर जाड झालं की झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) लहान येतो आणि चालणारं औषध रिपोर्टमध्ये निकामी ठरतं.

ब्लड बँकेत ग्रुपची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की तळाशी बसलेलं पेशींचं बटण हलक्या हाताने, नळी तिरकी करत सोडवा. जोरात झटकली तर कमजोर रिअ‍ॅक्शन मोडते आणि नळी निगेटिव्ह वाटते. फॉरवर्ड (पेशींवरून काढलेला ग्रुप) आणि रिव्हर्स (सीरमवरून काढलेला) जुळले नाहीत तर ग्रुप सांगायचा नाही, कितीही फोन आले तरी. आणि फॉरवर्डला ओ, पण सीरम ओ पेशींनाही चिकटवतंय, असं दिसलं तर बॉम्बे फेनोटाइप हा दुर्मीळ रक्तगट मनात आणा. त्या माणसाला साधं ओ रक्त चालत नाही.

दोन सीनियर दोन पद्धती शिकवतात, ही तक्रारही खरी आहे. वाद घालू नका, एसओपीची (लॅबने ठरवलेल्या लेखी पद्धतींची) फाइल मागा आणि त्यात काय लिहिलंय ते बघा. 'असं का करायचं?' हा प्रश्न गर्दीच्या वेळी विचारला की उत्तर तुटक मिळतं. वहीत लिहून ठेवा आणि सॅम्पल उतरल्यावर विचारा. त्याच वहीत नाकारलेलं प्रत्येक सॅम्पल, कारण आणि नंतरच्या सॅम्पलचा आकडा लिहा, पेशंटचं नाव न लिहिता. तीन महिन्यांनी ती वही कुठल्याही नोट्सपेक्षा जास्त शिकवते.

चूक झाली, समजा दोन नळ्यांची लेबलं बदलली, तर त्याच मिनिटाला सांगा. रिपोर्ट बाहेर जाण्याआधी सांगितलं तर दोन फोन आणि दोन नवी सॅम्पलं एवढ्यावर भागतं.

सुरक्षेचं शेवटी येतंय, पण करायचं सगळ्यात आधी. ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्या, नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. १० च्या वर हवी. सुईला टोपण परत लावू नका, डबा हाताच्या अंतरावर ठेवा आणि तीन-चतुर्थांश भरला की बदला. तरीही सुई टोचलीच तर बोट पिळू नका, ब्लीचमध्ये बुडवू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच, त्याच शिफ्टमध्ये, कळवा. ज्या पेशंटची सुई होती त्याचं सॅम्पल लेबलसकट बाजूला ठेवायला सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध पहिल्या काही तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. ओरडा बसेल म्हणून मुलं हे लपवतात आणि हे तास हातचे जातात. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: रात्री दोन वाजता सुई टोचली तर फोन कुणाला करायचा आणि औषध कुठल्या कपाटात आहे.